आलुबुखाऱ्याची वाइन आणि पांढरी सकाळ

लखनौत चार मराठी माणसं जमली की पहिला चहा गावाकडच्या आठवणींत जातो आणि दुसरा आमच्या त्या सहलीत. प्रत्येक जण आपापला तुकडा जोडतो, त्यामुळे सहल तीन दिवसांची आणि किस्से वर्षभराचे झालेत. मी काचसामानाचा व्यापारी, छावणीतल्या मेसना ग्लास पुरवायचो. तडे गेलेला माल मी देत नाही, किस्साही नाही.

सत्तरच्या दशकाची अखेर, ऐन थंडी. रेल्वे संपते त्या काठगोदामच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, गोऱ्या साहेबांच्या जमान्यातलं एक गाव. तिथली एक म्हातारी मेमसाहेब आलुबुखाऱ्याची वाइन घरीच करते, ही खबर मेसच्या खानसाम्याने दिली. सुभेदार जाधव तत्काळ तयार. साताऱ्याचा गडी, पलटणीत वाघ.

प्रश्न कांबळेसाहेबांचा होता. नागपूरचे, सरकारी नोकरीत. पौर्णिमेला त्यांच्याच घरी वंदना व्हायची, कॉलनीतल्या मुलांना पंचशील तेच द्यायचे. दारूला कधी शिवले नाहीत. म्हणाले, ‘‘भाऊ, मी येतो, पण फक्त जुनी गावं बघायला.’’ जाधव खूश झाले. शुद्धीत राहणारा एक तरी माणूस बरोबर हवाच, म्हणाले.

•

गावातला डाकबंगला अजब निघाला. चौकीदार जेवणाचं टेबल मांडत होता. आम्ही तिघे, ताटं चार. चौथं कोणाचं, विचारलं.

‘‘बड़े साहब का,’’ तो म्हणाला. हे बडे साहेब त्याच्या आजोबांच्या काळात मागच्या कबरस्तानात गेले होते. ‘‘नहीं लगाओ तो नाराज़ होते हैं.’’

जाधव हसले. मग चौकीदार हळूच मला म्हणाला, ‘‘हुज़ूर, आप उन्हीं की कुर्सी पर हैं.’’

मी उभ्यानेच जेवलो. जाधवांनीही भूक नाही म्हणून ताट सारलं. कांबळेसाहेब तेवढे पोटभर जेवले, आणि चौथ्या ताटातली पोळीही त्यांनीच संपवली.

•

दुसऱ्या दिवशी दुपारी मेमसाहेबांकडे गेलो. ऐंशीच्या पुढची बाई, हिंदी फर्डी. वाइन कशी चाखायची हे तिने शिकवलं: आधी रंग बघा, मग वास घ्या, मग जिभेवर फिरवा. जाधवांनी तिन्ही कामं एका घोटात उरकली.

कांबळेसाहेबांनी ग्लास उजेडात धरला, वास घेतला आणि खाली ठेवला. बाईचा चेहरा उतरला. ‘‘बेटा, इतनी बुरी है?’’ ते ओशाळून भिंतीवरची हरणाची शिंगं बघत राहिले. निघताना तिने एक भरलेली बाटली त्यांच्याच हातात दिली.

•

डाकबंगल्यावर ती बाटली आम्ही दोघांनी निम्मी केली. मग सवयीने मी तिचं बूड बघितलं. धंदाच तो. बुडाजवळचा लेबलचा कागद खरवडलेला, पण एक कोपरा राहिला होता. त्यावर लाकडाच्या पॉलिशचं नाव.

मी ग्लास खाली ठेवला. वाटेतल्या चहाच्या टपरीवर कालच ऐकलं होतं, खराब दारूने कुठल्याशा गावात माणसं रात्रीत आंधळी झाली म्हणून. जाधवांना हळूच सांगितलं. त्यांनी बाटलीला बूच घट्ट लावलं. मग म्हणाले, ‘‘झोपू या. जे व्हायचं ते सकाळी दिसेल.’’ आणि स्वतःच दचकले.

कांबळेसाहेबांना काहीच सांगितलं नाही. उगाच कशाला घाबरवा?

•

सकाळी व्हरांड्यात आलो. पांढरं. काल समोर डोंगर होता, फाटक होतं, माझी अँबॅसिडर होती. सगळं गेलं होतं.

‘‘सुभेदार, काय दिसतंय?’’

‘‘पांढरं.’’ आवाज पलटणीचा नव्हता.

स्वतःचा हात दिसत होता. तसं म्हटलं, तर जाधव म्हणाले, आधी लांबचं जातं, मग जवळचं. माझ्या डोळ्यांपुढे दुकान आलं, थोरलीचं लग्न आलं.

तेवढ्यात जाधवांना सुचलं. कांबळेसाहेब तर प्यालेच नव्हते! त्यांना डोंगर दिसला तर आम्ही गेलो. त्यांनाही पांढरंच दिसलं तर नुसतं धुकं.

त्यांना हाताला धरून बाहेर आणलं, सगळं सांगितलं, बाटलीसुद्धा. ‘‘साहेब, नीट बघा. डोंगर दिसतो का?’’

ते बघत राहिले. खूप वेळ.

‘‘नाही. सगळं पांढरं.’’

जाधवांनी मला मिठीच मारली. आम्ही दोघं पोट धरधरून हसत सुटलो. कांबळेसाहेब मात्र खांबाला टेकून खाली बसले, दोन्ही हातांनी डोळे दाबून.

‘‘हसू नका, भाऊ,’’ ते म्हणाले. ‘‘तुम्ही झोपल्यावर उरलेली मी संपवली.’’