इस्माईलचाचा, बोट थांबवा!

रोज तीच गाडी, तोच डबा आणि तीच माणसं. असं वर्षानुवर्षं चाललं की किस्से साठतात. मुद्दाम साठवावे लागत नाहीत, बरं का! माळ्यावर रिकामे डबे साठतात तसे आपोआप साठतात, आणि एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात.

आमची गाडी म्हणजे नागपुरातल्या इतवारीहून सावनेरला जाणारी छोटी लाइन. सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी सावनेरला मुलींच्या शाळेत शिकवत होते. डब्यात मला सगळे 'मेश्रामबाई' म्हणत. माझ्यासमोरच्या बाकावर काळबांडे बसत. ते तालुका कचेरीत नाझर, म्हणजे रोकड सांभाळणारे कारकून होते, म्हणून त्यांना सगळे नाझरसाहेबच म्हणत. हा माणूस गाडीच्या तासभर आधी फलाटावर हजर! आणि त्यांच्या शेजारची जागा असे धकाते सरांची. सर मुलांच्या शाळेत गणित शिकवत. ती जागा गाडी सुटेपर्यंत नेहमी रिकामी असे.

आता हे सगळे किस्से खरं तर त्या रिकाम्या जागेचेच आहेत.

* * *

धकाते सर राहायचे स्टेशनाजवळच, तांडापेठेत. घरी वडिलांचा हातमाग होता. सकाळभर त्याची खटखट चाले, आणि त्या आवाजातूनही सरांना गाडीची शिट्टी बरोबर ऐकू येई.

एकदा मी त्यांना म्हटलं, "सर, घरी घड्याळ नाही का तुमच्या?"

"आहे न बाई! पण घड्याळ काय थांबते माणसासाठी? गाडी थांबते!"

त्यांचा हिशोब ठरलेला. पहिल्या शिट्टीला आंघोळ, दुसऱ्या शिट्टीला डबा, तिसऱ्या शिट्टीला गाडीत. गाडी हलल्यावर सर एका हातात डबा आणि एका हातात चप्पल घेऊन पळत येत, दाराचा दांडा धरून चढत आणि आमच्याकडे असं पाहत की जणू आम्हीच लवकर आलो. गाडी इतकी सावकाश चालायची की ते चढल्यावर चप्पल घालायलाही त्यांना पुन्हा खाली उतरता आलं असतं.

नाझरसाहेब रोज एकच वाक्य म्हणत, "धकाते, एक दिवस फसशीन गा तू!"

* * *

गाडीचे ड्रायव्हर इस्माईलचाचा. त्यांना सरांची इतकी सवय झाली होती की सर चढल्याशिवाय त्यांना गाडी सुटल्यासारखी वाटत नसे.

एके दिवशी तीन शिट्ट्या झाल्या, सर नाहीत. चाचांनी चौथी दिली. मग पाचवी. लोक खिडक्यांतून डोकी काढून पाहू लागले. शेवटी चाचांनी फायरमनलाच पिटाळलं, "जा, देख के आ. मास्टर को बुखार तो नहीं?"

फायरमन गेला आणि थोड्या वेळानं सरांच्या बायकोला घेऊन आला. वहिनींचे हात पिठानं भरलेले. फलाटावर उभ्या राहून त्यांनी सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, "आज सुट्टी हाये त्यायची! झोपून राहिले!"

चाचा खाली वाकून म्हणाले, "पहले बताना था ना, बहनजी! कितनी भाप खर्च हो गई!"

मी त्या दिवशी वहिनींना पहिल्यांदा पाहिलं. हसताना त्या पिठाच्याच हातानं तोंड झाकत होत्या. तेव्हापासून आमची मैत्री झाली.

* * *

चाचा रजेवर गेले की मात्र पंचाईत! बदली ड्रायव्हरला धकाते कोण ते काय माहीत? एकदा त्यानं वेळेवर गाडी सोडली. सर फलाटावर डबा हलवत राहिले आणि आम्ही पुढे निघालो.

"फसला!" नाझरसाहेबांनी मांडीवर थाप मारली. त्यांना इतकं आनंदलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

गाडी पाटणसावंगीला पोहोचली. फलाटावर एक काळाकुट्ट माणूस उभा. डोळे आणि दात तेवढे पांढरे. आमच्या खिडकीशी येऊन म्हणतो, "इतका उशीर? मी कवाचा उभा आहो इथं!"

सर खाणीकडे परतणाऱ्या कोळशाच्या ट्रकमध्ये मागे बसून आले होते. शाळेत पोरांनी त्या दिवशी फळा पुसायचं काम सरांना करू दिलं नाही म्हणे.

तेव्हापासून त्यांचा सिद्धांतच झाला. गाडी कधी चुकतच नसते, ती फक्त पुढच्या स्टेशनवर भेटते!

* * *

आम्ही हसत होतो, पण वहिनींना त्याचं हसू येत नसे. का येत नसे ते त्यांनीच मला सांगितलं.

त्यांचं माहेर उमरेडचं. लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाचा ट्रक नागपूरहून निघाला आणि नवरदेव राहिला घरीच! तो म्हणे शेजारी चहा प्यायला गेला होता. ट्रक उमरेडला पोहोचला, बँड वाजला, आणि ट्रकमधून नवरदेव सोडून सगळे उतरले. मुहूर्त टळायच्या बेतात असताना सर कुणाच्या तरी बैलगाडीतून आले. मामांचे अंतरपाट धरून हात भरून आले होते.

"तवापासून वाट पाहूनच राहिली मी," वहिनी म्हणाल्या. "बाई, तुमाले खरं सांगू? मी आजवर एका बी सिनेमाची सुरुवात पायली नाई. आमी जातो तवा हिरो-हिरोइनचं भांडण चालू राहते. काहून भांडून राहिले, ते मले कधी समजलंच नाई!"

मला हसू आलं. पण त्या हसल्या नाहीत.

"मले समुद्र पाहाचा आहे. आगबोटीत बसून. आमी दोघं जण, अन् सुरुवातीपासून. एवढी एक गोष्ट तरी मले पुरी दाखवा म्हटलं त्यायले. दिवाळीत नेतो म्हणाले. आता या वेळेस चुकले न बाई, तर मी उमरेडले जाईन. मंग फिरून येत नाई."

ही धमकी नव्हती. इतक्या शांतपणे माणूस धमकी देत नाही.

* * *

मी ते नाझरसाहेबांच्या कानावर घातलं. त्यांनी लगेच सगळा बेत हातात घेतला. दिवाळीच्या सुट्टीत चौघांनी जायचं, मुंबईपर्यंत रेल्वेनं आणि तिथून आगबोटीनं गोव्याला.

निघायच्या दिवशी नाझरसाहेब स्वतः तांडापेठेत जाऊन बसले आणि सरांना आंघोळीला ढकलून, हातावर दहीसाखर ठेवून, जवळजवळ धरूनच स्टेशनवर घेऊन आले. वहिनींनी नवं लुगडं नेसलं होतं. सासऱ्यांनी खास या प्रवासासाठी मागावर विणलेलं, जांभळं, चांगला रुंद पदर असलेलं.

भाऊच्या धक्क्यावरही आम्ही भल्या सकाळी पोहोचलो. बोटीवर चढलो. डेकवर ऐसपैस सतरंजी अंथरली. तिकीट ज्याचं त्याच्या खिशात. नाझरसाहेबांनी घाम पुसला. "जमलं, बाई!" ते मला हळूच म्हणाले.

शेजारी मालवणकडची एक म्हातारी बसली होती. वहिनींचा पांढरा पडलेला चेहरा बघून ती म्हणाली, "हिला बोट लागणार. लिंबू आहे का जवळ?"

झालं! सर उठलेच. "आत्ता आणतो."

"बस गा खाली! बोट सुटते!" नाझरसाहेब ओरडले.

"सुटते कशी? शिट्टी तरी होऊ द्या! पहिलीले निघतो, तिसरीले वर येतो."

आणि उतरून गेलेसुद्धा.

थोड्या वेळानं भोंगा झाला. मी वरून पाहिलं. सर लिंबाच्या टोपलीशी उकिडवे बसून एकेक लिंबू दाबून पाहत होते. भोंगा ऐकून त्यांनी मान वर केली, आमच्याकडे पाहून हात हलवला, म्हणजे 'ही पहिली', आणि पुन्हा लिंबं निवडू लागले.

बोटीला दुसरी शिट्टी नसते!

शिडी निघाली, दोर सुटले. सर रुमालात लिंबं घेऊन धक्क्यावरून पळत सुटले. एक हात पुढे, दांडा धरायला. पण तिथे दांडाही नव्हता आणि पायरीही नव्हती. मधे पाणीच पाणी, आणि ते रुंद होत चाललेलं. धक्का संपला तिथे सर थांबले आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, "इस्माईलचाचाऽऽ! थांबवाऽऽ!"

* * *

नाझरसाहेब तडक बोटीच्या अधिकाऱ्याकडे गेले. मी त्यांच्या मागे.

"साहेब, आमचे एक सर राहून गेले. जरा थांबवा."

"थांबत नाही बोट."

"थांबत कशी नाही? आमची सावनेरची थांबते!"

"सावनेर?" अधिकारी विचारात पडला. "हे कुठलं बंदर?"

आम्ही परत आलो तेव्हा वहिनी सतरंजीवर उलट्या फिरून बसल्या होत्या. समुद्राकडे पाठ आणि तोंड लोखंडी भिंतीकडे.

"वहिनी, रडू नका," मी म्हटलं.

"रडत नाई बाई मी. मी समुद्र पाहत नाई. दोघायनं पाहाचं ठरलं होतं."

आणि खरंच, त्यांनी पाहिला नाही! दिवसभर बोटीत बसून त्या भिंत पाहत राहिल्या. किनाऱ्याचे किल्ले गेले, गलबतं गेली. सूर्य पाण्यात बुडाला तेव्हा सगळं डेक कठड्याशी गोळा झालं. मला इतकं सुंदर दिसत होतं आणि इतकं वाईट वाटत होतं की काय सांगू! वहिनींनी तेवढ्यात आमची भाकरी-चटणी सोडून ठेवली होती. बोटसुद्धा त्यांना लागली नाही.

बंदर आलं की बोट थांबायची, किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे छोट्या होड्या यायच्या, माणसं चढायची उतरायची. प्रत्येक बंदराला वहिनी भिंतीकडेच बघत मला विचारत, "कोणी चढलं का?"

"नाही, वहिनी."

नाझरसाहेबांना त्या दिवशी घास गेला नाही. रोज ज्याला 'फसशीन' म्हणायचे तो फसला होता, आणि ते मला सारखं विचारत होते, "बाई, पुढचं स्टेशन कोणतं?"

* * *

सकाळी वेंगुर्ला आलं. बोट लांब पाण्यातच उभी राहिली. किनाऱ्याकडून एक पडाव निघाला. त्यात सगळी माणसं धरून बसलेली आणि मधोमध एकच जण उभा. नावाडी त्याला खाली ओढतोय आणि तो बसत नाही. डोक्यापासून पायापर्यंत लाल माती. डोळे आणि दात तेवढे पांढरे.

पडाव जवळ आला. खालून आवाज आला, "इतका उशीर? मी कवाचा उभा आहो इथं!"

नाझरसाहेबांनी चक्क टोपी काढून हवेत उडवली. ती समुद्रात गेली.

सर धक्क्यावरून धावत एसटी स्टँडवर गेले होते. मिळेल ती गाडी, मिळेल ती जागा, आणि कोकणातल्या रस्त्यावरची सगळी धूळ अंगावर. वर चढून ते वहिनींच्या पुढ्यात बसले आणि रुमाल सोडला. त्यात एकच लिंबू.

"एवढ्यासाठी गेले होते?" वहिनी भिंतीकडेच पाहत म्हणाल्या.

"जास्त होते वं. घाटात साऱ्या एसटीले मळमळून राहिलं होतं. वाटून टाकले. तुझं तेवढं राखून ठेवलं."

वहिनींनी ते लिंबू घेतलं आणि पदराच्या टोकानं सरांचं तोंड पुसू लागल्या. नवं जांभळं लुगडं पार लाल झालं.

"चाल आता, समुद्र पाहू," सर म्हणाले.

"आता काय पाहाचं? निम्म्याच्या वर निघून गेला तो," वहिनी म्हणाल्या, आणि पणजी येईपर्यंत त्या भिंतीकडेच तोंड करून बसल्या. सर शेजारी बसून निमूटपणे तीच भिंत पाहत होते.

* * *

पणजीला आम्ही उतरलो. सतरंजी, डबे, धकात्यांची ट्रंक, सगळं नाझरसाहेबांनी धक्क्यावर मांडलं. धकाते जोडपं काही येईना. आम्ही चहा घेतला. आणखी एक घेतला. सरांची वाट पाहायची आम्हाला सवयच होती. तेवढ्यात मुंबईला परत जाणारी माणसं चढू लागली आणि बोट भरूनही गेली.

मी वर पाहिलं. दोघं कठड्याशी उभे होते.

तेवढ्यात भोंगा झाला.

आता तो एकदाच होतो हे नाझरसाहेबांना पक्कं ठाऊक होतं. ते उघड्या डोक्यानं धक्क्यावरून पळत सुटले. "धकातेऽऽ! उतर गा! बोट सुटून राहिली! परत मुंबईले जाशीन!"

शिडी निघाली, दोर सुटले.

"उतरू कसा, नाझरसाहेब?" सर वरून ओरडले आणि त्यांनी आपल्या सदऱ्याचं टोक उचलून दाखवलं. त्याला वहिनींच्या लुगड्याचा पदर बांधलेला होता. चांगली दुहेरी गाठ मारून.

वहिनींचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्या पुढे तोंड करून समुद्र पाहत होत्या.