सायबाच्या समया

आमच्या घरात चांदीच्या दोन समया होत्या आणि त्यांच्यापायी माझ्या बाबांना आयुष्यभर चोराचा नातू म्हणवून घ्यावं लागलं. आम्ही त्यांना समया म्हणायचो एवढंच, तेल घालायला त्यांच्यात जागाच नव्हती. मेणबत्ती लावायच्या विलायती धाटणीच्या वस्तू त्या. दीड वीत उंच, चौकोनी पाय, पायाच्या चारही कोपऱ्यांवर कापसाची उमललेली बोंडं आणि माथ्यावर मेणबत्ती खोचायची छोटी वाटी. दिग्रसमध्ये असं काही दुसऱ्या कोणाकडे नव्हतं, आणि जिनिंगच्या फिटरच्या घरात तर ते असूच नये, असं सगळ्यांचं मत होतं.

माझे पणजोबा दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते. जिनिंग तेव्हा एका गोऱ्या साहेबाच्या कंपनीची होती. आमच्या घरची कथा अशी की साहेब त्यांच्या कामावर खूश झाला आणि विलायतेला परत जाताना ही जोडी बक्षीस देऊन गेला. पुढं जिनिंग ज्यांची झाली त्या शेठजींच्या घरची कथा वेगळी होती. त्यांच्या आजोबांनी बंगल्यासकट ती जिनिंग विकत घेतली, आणि बंगल्यातल्या सामानातून दोन चांदीच्या वस्तू फिटरनं आधीच उचलल्या, असं ते सांगायचे. बाबा त्याच शेठजींकडे फिटर होते. एखादा पाना सापडला नाही की शेठजी सगळ्यांसमोर हसत म्हणायचे, "जरा घरी समयापाशी पाहून या बरं मिस्त्री." बाबाही हसायचे. घरी आले की मात्र जेवायचे नाहीत. लहानपणी मला त्या समयांचा भयंकर राग यायचा, आणि शेठजींचा त्याहून जास्त.

पणजोबांचा एकच नियम घरात चालत आला होता: जोडी फोडायची नाही आणि पेटवायची नाही. का, ते कोणी विचारलं नाही. बक्षीस जपून ठेवतात, जाळत नाहीत, असा आम्हीच त्याचा अर्थ लावला होता.

मी सहावीत होते तेव्हा आईच्या मनात आलं की यंदा महालक्ष्म्यांपुढं या समया मांडायच्या. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या उभ्या करतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. दोघींपुढं एकेक समई. पण दर्शनाला अर्धं गाव येणार, आणि आमच्याकडच्या बायकांची एक खोड आहे. दुसऱ्याच्या घरी नवं भांडं दिसलं की गप्पा मारता मारता हळूच उलटं करून खालचं नाव वाचायचं. भांड्यावर ज्याचं नाव, त्याचं ते भांडं. यात आमच्याकडे वाद नसतो. लग्नातून कोणाचं गंज-पातेलं चुकून आलं तरी नाव पाहून परत जातं.

समयांच्या पायाखाली काहीतरी लिहिलेलं होतं. आईनं मला हाक मारली.

"पाह्य वं, कोनाचं नाव हाय ह्याच्यावर?"

मी त्या वर्षी इंग्रजीत वर्गात पहिली आले होते. बाबा मला कौतुकानं 'आमची मडम' म्हणायचे आणि ती मडमगिरी माझ्या डोक्यात चांगलीच गेली होती. खालची अक्षरं वेलीसारखी एकमेकांत गुंतलेली होती. मला त्यातलं एक अक्षरही धड लागलं नाही. येत नाही म्हणायची लाज वाटली. मी ठसक्यात सांगून टाकलं, "सायबाचंच नाव हाय. सायबाचं आन त्याच्या बायकोचं."

आईच्या तोंडचं पाणी पळालं. सायबाचं नाव म्हणजे वस्तू सायबाची. शेठजी म्हणतात ते गावभर खरं ठरणार. तिनं दोन्ही समया जुन्या धोतरात गुंडाळल्या आणि मला घेऊन थेट भांड्याच्या दुकानात गेली. तिथं एक म्हातारेबुवा ओट्यावर बसून नाव टाकायचे. त्यांनी कानस घेऊन आधीची अक्षरं घासून काढली. चांदी मऊ, फार वेळ लागला नाही. मग छिन्नी-हातोडीनं टिकटिक करत ठिपक्या-ठिपक्यांनी बाबांचं पूर्ण नाव टाकलं, आडनावासकट. बाबांनी पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ त्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवत राहिले. "आता म्हनू दे कोनाले काय म्हनाचं ते," असं म्हणून त्या दिवशी ते पोटभर जेवले. महालक्ष्म्यांना आलेल्या बायकांनी समया उलट्या करून पाहिल्या आणि गप्प बसल्या. मला वाटलं, मी केवढं मोठं काम केलं!

पुढं कापसाचे वाईट दिवस आले. जिनिंगचा हंगाम महिन्यांवरून आठवड्यांवर आला. एकेक शेड बंद पडलं. रोज कोणत्या ना कोणत्या गावच्या शेतकऱ्यानं जीव दिल्याची बातमी यायची आणि बाबा पेपर घडी करून बाजूला ठेवायचे. शेठजींनी अखेर जिनिंगला कुलूप लावलं. बाबा मोटारपंप दुरुस्त करायला लागले. मी तेव्हा यवतमाळला कॉलेजात होते आणि सुटीत घरी आले होते. त्याच सुटीत एका सकाळी आमच्या दारात जीप थांबली. जीपमधून शेठजी उतरले आणि त्यांच्यामागून पांढऱ्या साडीतल्या एक अनोळखी बाई.

बाई मुंबईच्या एका जुन्या जवाहिऱ्यांच्या पेढीच्या होत्या. राजेरजवाड्यांचे हार आणि गव्हर्नरांच्या मेजावरची चांदी घडवणारी पेढी. पेढी आता आपल्या जुन्या कामाचं दालन उघडत होती आणि बाई वह्या घेऊन गावोगाव वस्तू शोधत फिरत होत्या. त्यांच्या पेढीत रीत होती. प्रत्येक वस्तूचं चित्र वहीत काढायचं, कोणी मागवली, कशासाठी, तिच्यावर काय कोरायचं, सगळं शेजारी लिहायचं. एकदा केलेली वस्तू पुन्हा करायची नाही. एका चित्राखाली दिग्रसच्या जिनिंगचा पत्ता होता, म्हणून त्या शेठजींकडे पोचल्या. आणि शेठजी त्यांना आमच्याकडे घेऊन आले. त्यांच्या चेहऱ्यावर जत्रेला निघाल्यासारखा आनंद होता.

आईनं समया आणून पाटावर ठेवल्या. बाईंनी हातात मोजे घातले. चित्र आणि समई, चित्र आणि समई, असं दोनतीनदा पाहिलं. "बोंडं अगदी तशीच," त्या हरखून म्हणाल्या. मग त्यांनी समई उलटी केली.

त्यांचा चेहराच उतरला. "इथं आमच्या पेढीचा शिक्का होता. मजकूर होता. हे कोणी घासलं?"

शेठजी पुढं वाकले. "कानस मारली हो बाई. आन वरून सोताचं नाव टाकलं. आता सांगा, खरा मालक कायले नाव खोडीन?"

बाबांचा चेहरा मी त्या आधी आणि त्या नंतर कधी तसा पाहिला नाही. आई पुढं आली. "मीनं घासलं. यायले काही ठाऊक नव्हतं," ती म्हणाली, पण तिचा आवाज इतका बारीक झाला होता की तीच चोर वाटावी. ज्या गोष्टीनं बाबांवरचा डाग पुसायचा होता, तीच आता शेठजींच्या बाजूनं साक्ष देत होती. आणि ती साक्ष माझ्या मडमगिरीतून उभी राहिली होती.

बाई मात्र समई खाली ठेवायला तयार नव्हत्या. त्यांनी माथ्यावरची वाटी हळूच फिरवली. ती निघते हे आमच्या तीन पिढ्यांना माहीत नव्हतं! वाटीच्या आतल्या कडेला बारीक आकडे होते. त्यांनी ते वहीच्या पानाशी जुळवले, दुसऱ्या समईचेही जुळवले.

"ह्याच त्या."

बाबा उभेच होते. "मंग वाचून सांगा बाई. ह्या शेठजीच्या समोर सांगा. कोनाच्या हाये ह्या समया?"

बाईंनी वहीवरून मान वर केली. "तुम्हाला ठाऊक असेल ना?"

"काय?"

"साहेबांच्या पत्नीनं मागवल्या होत्या. जिनिंगच्या फिटरला देण्यासाठी, असं स्पष्ट लिहिलंय." त्यांनी पणजोबांचं नाव वाचलं. बाबांनी डोळे मिटले. मला ओरडावंसं वाटलं, शेठजींकडे बोट दाखवून नाचावंसं वाटलं. पण बाई अजून वाचत होत्या. "एकीवर फिटरच्या पत्नीचं नाव कोरायचं. दुसरीवर मुलीचं, वय अकरा. दोघी जिनिंगच्या आगीत गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ."

बाबांनी डोळे उघडले.

बाईंनी नावं वाचली. एकही नाव आमच्या घरात कधी उच्चारलेलं नव्हतं. माझ्या पणजीचं नाव वेगळं होतं. म्हणजे ती दुसरी बायको होती. पहिली बायको होती, पहिली मुलगी होती, कापसाच्या ढिगात जळून गेली होती, आणि त्या माणसानं पुढं दुसरा संसार केला, पोरं वाढवली, आणि कोणाला एक शब्द सांगितला नाही. फक्त एवढंच सांगितलं: जोडी फोडू नका, पेटवू नका.

आगीत गेलेल्या बाईसाठी, आगीत गेलेल्या लेकीसाठी मडमेनं मेणबत्त्या लावायच्या वस्तू दिल्या! तिच्या रीतीनं ती दयाच असेल. पण त्या हातात घेताना पणजोबांना काय वाटलं असेल, या विचारानं माझ्या अंगावर आजही काटा येतो. त्यांनी त्या फेकल्या नाहीत, कारण जगात त्या दोघींची नावं तेवढ्याच एका जागी होती. आणि ती मी घासायला लावली. मी सहावीत होते तेव्हा मीही अकरा वर्षांचीच होते.

शेठजी उठले. त्यांनी पाटावरच्या समयांना हात जोडले, बाबांकडे न पाहता चपला घातल्या आणि जीपमध्ये जाऊन बसले.

आई पाटापाशी बसून राहिली होती. "दोघीचे नावं मीनं पुसून टाकले," एवढंच ती म्हणत होती. मी मग सगळं सांगून टाकलं. मला वाचता आलं नव्हतं, मी उगाच ठोकून दिलं होतं. बाबा रागावतील असं वाटलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तू त लेकरू होती वं. आमी कोनाले इचारलं असतं त समजलं असतं. इचाराची हिंमतच झाली नाई."

बाईंचेही डोळे भरले होते. त्यांनी मोजे काढून ठेवले. म्हणाल्या, समया दालनासाठी द्या, आमचे कारागीर मूळ अक्षरं पुन्हा तशीच कोरतील, काचेच्या कपाटात ठेवू, खाली तुमच्या कुटुंबाचं नाव लिहू. बाबांनी सरळ नकार दिला. पण वहीच्या पानाची प्रत मागून घेतली.

दुपारी आम्ही तिघं भांड्याच्या दुकानात गेलो. ओट्यावर तेच म्हातारेबुवा होते, चष्मा जाड झालेला. बाबांनी खिशातून स्वतःची कानस काढली, मशीनचे भाग घासायची, आणि ओट्यावर बसून स्वतःचंच नाव घासायला लागले. आडनाव गेलं, आजोबांचं नाव गेलं, त्यांचं स्वतःचं गेलं. आई शेजारी चांदीचा कीस पदरात धरत होती. मग मी पान उघडून एकेक अक्षर वाचून दाखवलं, या वेळी नीट, चारदा खात्री करून, आणि बुवांनी ते मराठीत टाकलं. एकीवर त्या आईचं नाव, दुसरीवर तिच्या लेकीचं.

बुवा थांबले. हातोडी वर धरून त्यांनी रीतीप्रमाणं विचारलं, "आन खाली मालक कोन लिहू?"

"मालक नोको," बाबा म्हणाले. "ह्या दोघीच राहू द्या."