मामांची सही

मामांच्या तोंडून कुठल्याही गोष्टीला पहिल्या झटक्यात ‘चांगलं’ असा शब्द आलेला मी ऐकला नाही. कँटीनचा वडा असो, नवा मॅनेजर असो, नाहीतर कुणाच्या मुलीला सांगून आलेलं स्थळ असो, मामा मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, “थांबा जरा. वेळ जाऊ द्या.” वडा गार झाल्याशिवाय तेल कळत नाही, हे त्यांचं मत. त्यामुळे ते वडा गार करून खायचे आणि समोर बसलेल्याच्या गरम वड्याची मजाही घालवायचे. पाठीमागे आम्ही त्यांना ‘थांबामामा’ म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं.

पनवेलच्या बाहेर औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना. पंपांची बिडाची कास्टिंगं, म्हणजे साच्यात ओतलेले कच्चे भाग, बाहेरून येतात, आम्ही त्यांना भोकं पाडून, तासून, मापात आणून देतो. मी उत्पादन बघतो. म्हणजे रोज सकाळी मालकांसमोर उभं राहून कालचा आकडा का गाठला नाही याची कारणं देतो. मामा तपासणीत होते. उरणजवळच्या मोऱ्याचे कोळी. थोरला भाऊ होडीवर, आणि हे रोज उरणहून एसटीने पनवेलला. मस्टरवर त्यांचं नाव काहीतरी भारदस्त होतं, पण मालकांपासून वॉचमनपर्यंत सगळे मामाच म्हणत.

माप घेतलं की मामा ते आधी खडूने त्या कास्टिंगवरच लिहायचे, मग नाइलाज म्हणून वहीत. “वही साहेबाच्या बाजूनं बोलते,” म्हणायचे, “माल कुनाच्याच बाजूनं बोलत नाय.” महिनाअखेरीला मी त्यांच्या टेबलापाशी घुटमळायला लागलो की त्यांना कळायचं. मापाबाहेर केसभर गेलेले दोन-चार नग सोडून द्या, असं मला म्हणायचं असायचं. ते माप घ्यायचं गेज माझ्या हातात द्यायचे. “तुमीच बघा. तुमी हो म्हनलात, तर मी सोडतो.” मी बघायचो, गेज खाली ठेवायचो आणि निघून जायचो. चौदा वर्षांत माझी एकदाही हो म्हणायची छाती झाली नाही. राग मात्र दर वेळी यायचा.

खारघरला बेलपाड्याजवळ मी फ्लॅट घेतला, तेव्हा वास्तुशांतीला मामा आणि मामी आले. सगळे पाहुणे हॉलमध्ये पन्हं पीत बसलेले, आणि मामा कुठे? न्हाणीघरात! त्यांनी एक बादली पाणी जमिनीवर ओतलं होतं आणि दारात उभे राहून वीस मिनिटं त्या पाण्याकडे बघत होते. “उतार उलटा हाय, साहेब. पानी दाराकडं येतंय.” माझी बायको आठ दिवस धुसफुसत होती, भल्या दिवशी अपशकुन केला म्हणून. बिल्डर म्हणाला, काही नाही हो, वापराने ठीक होईल. फरशीचा उतार वापराने कसा ठीक होतो देव जाणे, पण मी विश्वास ठेवला. आज सहा वर्षं झाली, रोज सकाळी आंघोळीनंतर मी वायपरने पाणी लोटतो.

तुमच्याही कारखान्यात असा एखादा मामा असेल. अशा माणसाचा आपल्याला आधार असतो आणि कंटाळाही असतो. थकलेल्या माणसाला कंटाळाच जास्त जाणवतो, हे मला फार उशिरा कळलं.

दोन वर्षांपूर्वी गिऱ्हाइकाने मागणी दुप्पट केली. आमच्याकडे तीन उभी मशीनं होती; कास्टिंगची एक बाजू झाली की ते काढायचं, वळवायचं, पुन्हा आवळायचं. मालकांनी आडवं मशीन घ्यायचं ठरवलं. त्यात कास्टिंग एकदाच आवळलं की टेबल स्वतःच फिरतं, समोरची बाजू होते, मागची होते, आणि आत काम चालू असताना बाहेर दुसऱ्या टेबलावर पुढचा माल लावून ठेवता येतो. तिन्ही मशीनांवर दोन पाळ्यांत मिळून सहा जण होते. नव्या मशीनला दोन पुरणार होते. मालकांनी हे लपवलं नाही. मशीन पास झालं की चौघं घरी, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. मशीन पास करायचं काम माझ्यावर आणि मामांवर.

ते सहा जण जेवणाच्या सुट्टीत मामांभोवती जमले. मी पलीकडच्या बाकावर होतो. त्यातला एक म्हणाला, “मामा, कायतरी खोट काढा. तुमचं मालक ऐकतील.” मामा डबा बंद करत म्हणाले, “खोट असंल तर निघंल. नसंल तर मी काय पदरची घालू?” पोरं डबे झाकायला लागली. एक जण तर उठून गेला. मामांनी त्या दिवशी उरलेली भाकरी तशीच घरी नेली. हे सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं, डोळ्यांनी पाहिलं. म्हणून पुढचं सांगताना माझी मलाच लाज वाटते.

चाचणी पुण्याकडे एका विक्रेत्याच्या शोरूममध्ये होती. मी वीस साफसुथरी कास्टिंगं बाजूला काढून ठेवली होती. मामांनी त्यातली सात परत ठेवून सात खडबडीत, कडक घेतली. “गिऱ्हाईक काय निवडून पाठवतो काय?” शोरूम थंडगार, एसी लावलेली, फरशी इतकी चकचकीत की मामा चपला काढायला लागले. सकाळी मशीनने भराभर माल काढला. समोरून पाडलेलं भोक आणि टेबल फिरवून मागून पाडलेलं भोक एका रेषेत यायला हवं, त्यात वीस मायक्रॉनपर्यंत फरक चालतो. पहिल्या बारा नगांत तो पाचाच्या वर गेला नाही. मामांनी मशीनच्या दारावर थाप मारली. “गुनाची हाय.” त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे डोक्यावरून पाणी!

मग जेवायची वेळ झाली आणि विक्रेत्याच्या माणसांनी मशीन बंद करायला घेतलं. मामा म्हणाले, बंद करू नका, चालू दे तसंच. सगळे जेवायला गेले, मामा मशीनपाशीच थांबले. दुपारी खडूचे आकडे बदलायला लागले. चौदाव्या नगाला नऊ. सोळाव्याला बारा. सतराव्याला चौदा.

“अजून मर्यादेच्या आतच आहे, सर,” विक्रेत्याचा इंजिनिअर हसून म्हणाला.

“आत हाय,” मामा म्हणाले, “पन चाललंय बाहेर. मशीन तापतंय तसं सरकतंय. एसी बंद करा, दारं उघडा आनि आनखी चार तास चालवा. आमच्या शेडवर पत्रा हाय. कुठं जाऊन थांबतंय ते बघू.”

शोरूम साडेपाचला बंद होणार होती. मालकांचा तिसरा फोन येऊन गेला होता: आज चाचणीच्या कागदावर सही झाली नाही तर मशीन दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाईल, मग चार महिने वाट बघा. माझं डोकं भणभणत होतं. पहाटे चारला उठलो होतो, रात्री परत पनवेल, उद्या सकाळी पुन्हा तोच आकडा. मला फक्त संपायला हवं होतं. आणि मी सगळ्यांच्या देखत बोलून गेलो, “मामा, पुरे झालं. खोट मशीनमध्ये नाही. तुम्हाला पोरांच्या नोकऱ्या वाचवायच्यात, म्हणून हे चाललंय.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी गेज पुसून पेटीत ठेवलं, हात धुऊन आले आणि विचारलं, “सही कुठं करू?” शाळेतल्या मुलासारखी सावकाश, पूर्ण नावाची सही केली. मला तेव्हा हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? त्यांनी सही का केली हे मला गाडीत, खंडाळ्याचा घाट उतरताना उमगलं. नाही म्हणाले असते, तर मी बोललो तेच खरं ठरलं असतं. त्यांच्या नकाराची किंमत मीच शून्य करून टाकली होती. पळस्प्याला ते उतरले. “येतो साहेब,” म्हणाले. नेहमीसारखंच.

मशीन आलं. मामांनीच ते लावलं, दोघांना शिकवलं, काही हातचं राखलं नाही. चौघं गेले. जाताना त्यांनी मला नमस्कार केला आणि मामांना केला नाही. मामांनी सही केली एवढंच त्यांना माहीत होतं. का केली हे मी त्यांना सांगू शकत होतो. सांगितलं नाही. सहा महिन्यांनी मामा निवृत्त झाले. शाल, नारळ, फोटो सगळं झालं, भाषण मीच केलं.

एप्रिलमध्ये पत्रा तापला आणि दुपारी दोननंतरचा माल मापाबाहेर जायला लागला. गिऱ्हाइकाने एक अख्खी गाडी परत पाठवली. उपाय तसा साधा निघाला: सकाळी तासभर मशीन रिकामं चालवायचं आणि दुपारी दर पाचव्या नगाला माप घेऊन सुधारणा करायची. त्यासाठी प्रत्येक पाळीला एक जाणता माणूस लागला. म्हणजे चौघांतले दोघं राहिले असते. मी चौघांनाही फोन केले. एक जण करंजाड्याला रिक्षा चालवतो, तो म्हणाला, “आता नको साहेब.” बाकीच्यांनी फोन उचलला नाही.

पुढच्या रविवारी मी मोऱ्याला गेलो. मामा ओटीवर बसून शेजाऱ्यांचा मिक्सर उघडत होते. मामींनी चहा आणला. मी सगळं सांगितलं. मामांनी आधी विचारलं, “समोरचं सरकतं का मागचं? किती?” मी आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली. मग मी म्हणालो, “मामा, त्या दिवशी मी तुम्हाला बोललो ते...”

मामा मिक्सरचा स्क्रू आवळत म्हणाले, “मशीनची खोट मला दुपारीच दिसली होती. तुमच्या मनात माझ्याबद्दल तसं हाय, ते चवदा वरसांत नाय दिसलं.”

मी चहा संपवला आणि उठलो. मामी आतून म्हणाल्या, “जेवूनच जा की भाऊ, मासळी ताजी हाय.” मी मामांकडे बघितलं. मामा ‘थांबा जरा’ म्हणाले नाहीत.