परवानाधारक साडू

सबंध सिंगापुरात रिव्हॉल्व्हरच्या मालकाच्या थाटात वावरणारा मराठी माणूस एकच आहे आणि तो नेमका माझा साडू आहे. हे वाचून कुणी पोलिसांना फोन करू नये. रिव्हॉल्व्हर सांगलीत होतं, एका शस्त्रविक्रेत्याच्या लोखंडी तिजोरीत, रीतसर पावती करून जमा केलेलं. साडू सिंगापुरात यिशुनला राहतात. दोघांमध्ये एक समुद्र आणि पंधरा वर्षं होती, पण त्यामुळे साडूंच्या चालण्यात काडीचाही फरक पडला नव्हता. त्यांचा उजवा हात कमरेपासून वीतभर लांब असतो. कमरेला काहीतरी आहे असं धरून चालायची ही लकब त्यांच्या वडिलांची. वडील साखर कारखान्यात शेतकी अधिकारी होते आणि भावकीतल्या प्रत्येक लग्नाला सफारीवर पट्टा बांधून, पट्ट्याला रिव्हॉल्व्हर लावून, नवरदेवाच्या मागे दुसऱ्या क्रमांकाचं आकर्षण म्हणून उभे राहत. वडील गेल्यावर वारसाहक्कानं परवाना साडूंच्या नावावर झाला, रिव्हॉल्व्हर झालं आणि चालही झाली. यिशुनच्या हॉकर सेंटरात ते नूडल्सच्या रांगेत उभे राहिले की मागच्या माणसाला त्यांचं कोपर लागतं.

वडिलांचा चामडी होल्स्टर मात्र त्यांनी सोबत आणला. रिकामं चामडं आणायला कायद्याची हरकत नव्हती, हरकत होती ती फक्त ताईंची. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. त्यांना तो घरात दिसायला नको होता. तेव्हा भाऊसाहेबांनी (मी त्यांना भाऊसाहेब म्हणतो, ते मला साडूभाऊ) त्यात वाचायचा चष्मा ठेवायला सुरुवात केली आणि तो होल्स्टर ऑफिसच्या बॅगेत टाकला. एकदा एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्टेशनवर बॅगा तपासत होते. तिथल्या तरुण मलय शिपायानं होल्स्टर बाहेर काढला, उघडला, चष्मा पाहिला आणि विचारलं, "अंकल, धिस वन फॉर व्हॉट?" भाऊसाहेब म्हणाले, "फॉर रीडिंग." शिपायानं वरिष्ठांना बोलावलं, त्यांनी चष्मा उन्हात धरून पाहिला आणि अत्यंत आदरानं परत दिला. मी शेजारीच उभा होतो. दोन स्टेशनं जाईपर्यंत मी त्यांना ओळख दाखवली नाही.

त्या दिवसानंतर ताईंनी फर्मान काढलं की घराबाहेर रिव्हॉल्व्हर हा शब्द काढायचा नाही. "इथं असल्या बाबतीत कुणी गंमत करत नाही, आणि आपला इथं राहायचा पास त्यांच्या हातात आहे," असं त्या म्हणाल्या, ते खरंच होतं. भाऊसाहेबांनी फर्मान पाळलं, पण विषय सोडला नाही. ते रिव्हॉल्व्हरला 'थोरला' म्हणू लागले. मंडळाच्या गणपतीत एका बाईंनी हे ऐकलं आणि मोठ्या आपुलकीनं विचारलं, "थोरला काय करतो हो तुमचा?" भाऊसाहेब क्षणभरही अडखळले नाहीत. म्हणाले, "सांगलीतच असतो. शांत आहे स्वभावानं." बाई म्हणाल्या की हल्ली अशी मुलं मिळत नाहीत. ताई तिथून उठून प्रसादाच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

घरात मात्र त्यांना मोकळीक होती, आणि घरात मोबाइल होता. मोबाइलवर त्यांच्या जिल्ह्यातल्या परवानाधारकांचा एक ग्रुप आहे. त्यातले बहुतेक सभासद मला तोंडपाठ झालेत, कारण भाऊसाहेब मला फोटो दाखवतात. जीपला टेकलेला माणूस, शर्टाची एक बाजू मुद्दाम खोचलेली. सोफ्यावर बसलेला माणूस, समोर टीपॉयवर पिस्तूल आणि शेजारी चहाचे कप. एक जण तर मुलीच्या बारशात पाळण्याला हात लावून उभा आहे आणि त्याच्या कमरेकडे पाहिल्यावरच फोटो कशाचा आहे ते कळतं. या मंडळींत दोन पक्ष आहेत, पिस्तूलवाले आणि रिव्हॉल्व्हरवाले, आणि त्यांचं वैर पिढीजात आहे. पिस्तूलवाले म्हणतात, आमच्यात गोळ्या जास्त मावतात, आमचं चपटं असतं, अंगाला चिकटून बसतं, तुमचं म्हणजे कमरेला तांब्या बांधल्यासारखं. रिव्हॉल्व्हरवाल्यांचे बिनीचे शिलेदार आमचे भाऊसाहेब. शिपयार्डातून दमून आले तरी बूट काढता काढता ते उत्तर लिहितात. "पिस्तूल अडकतं. रिव्हॉल्व्हर अडकत नाही. एक गोळी फुसकी निघाली तर पुन्हा चाप ओढा, दुसरी तयार. साधी गोष्ट टिकते." हे शेवटचं वाक्य ते बायकोच्या मिक्सरबद्दलही म्हणतात आणि माझ्या गाडीच्या वेडाबद्दलही. एकदा एका पिस्तूलवाल्यानं लिहिलं, "साहेब, तुमचं रिव्हॉल्व्हर अडकत नाही हे खरं, तिजोरीत पडून कसं अडकेल?" त्यावर भाऊसाहेब दोन दिवस ग्रुपवर गेले नाहीत आणि जेवलेही बेतानंच.

खंडेनवमीला तर बघण्यासारखं असतं. गावाकडे त्या दिवशी शस्त्रांची पूजा होते आणि ग्रुपवर पाटावर मांडलेल्या बंदुका, झेंडू, हळदकुंकू यांची रीघ लागते. भाऊसाहेबांकडे पूजेला शस्त्र नाही. म्हणून त्यांनी रिव्हॉल्व्हरचा फोटो मोठा छापून लॅमिनेट करून आणलाय. पाटावर तो फोटो, शेजारी लॅपटॉप, विळी, पाना, आणि परवान्याचं पुस्तक. फोटोवर कुंकू टिकत नाही, घसरतं. दरवर्षी ते बोटानं पुन्हा लावतात आणि दरवर्षी मी मनात म्हणतो, या माणसाची चेष्टा आता पुरे करायची. आरती संपेपर्यंतच हा निश्चय टिकतो.

त्यांची लेक सई हे सगळं लहानपणापासून पाहत आली आणि तिच्यावर काही परिणाम झाला नसावा असं आम्हाला वाटायचं. सेकंडरीत गेल्यावर तिनं शाळेतल्या उपक्रमांतून एअर पिस्तूल निवडलं. छर्र्याचं का होईना, पण पिस्तूल. भाऊसाहेबांना हसावं की रडावं कळेना. घराण्यात नेमबाज निपजली, पण विरोधी पक्षात. "घेतलंस ते घेतलंस, निदान रिव्हॉल्व्हर तरी," ते म्हणाले. सई तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, दॅट वन डोन्ट हॅव लाह. तुमचं ग्रुपिंग किती असतं?" पाच गोळ्या एकमेकींच्या किती जवळ लागतात त्याला ग्रुपिंग म्हणतात, हे तिनंच मग आम्हाला समजावलं. भाऊसाहेब घाईघाईनं म्हणाले, "रिव्हॉल्व्हरला ग्रुपिंग लागत नाही. एक पुरते." आणि फॅन वाढवायला उठले.

पोरगी चांगलीच निघाली. वर्षभरात शाळेच्या संघात आली, मग क्लबाच्या संघात, आणि सोळाव्या वर्षी तिच्या कोचनं आईबापांना बोलावून सांगितलं की हिला सिंगापूरच्या ज्युनियर संघाच्या चाचणीला बसवायचंय, पण त्यासाठी इथलं नागरिक असावं लागेल. सईच्या वयाला एकटीचा अर्ज चालणार नव्हता. ताईंची नोकरी नाही, तेव्हा अर्ज भाऊसाहेबांच्याच नावानं जाणार आणि त्यांच्यामागून दोघींचा. भाऊसाहेबांनी सांगलीच्या कलेक्टर कचेरीतल्या ओळखीच्या कारकुनाला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, पासपोर्ट बदलला की परवाना संपला. वारसाच्या नावावर करा, नाहीतर दुकानात देऊन टाका." पुतण्याला विचारलं. तो पुण्याला सोसायटीत राहतो, म्हणाला, "काका, नको, माझ्याकडे लहान मूल आहे." म्हणजे सईनं पिस्तूल धरायचं तर बापानं रिव्हॉल्व्हर सोडायचं, असा तो सरळ हिशेब होता.

मग अर्जाची कागदपत्रं घरात फिरू लागली. भाऊसाहेबांना फोटो पसंत पडेना. जन्माचा दाखला सापडेना, सापडला तर नावातला काना पुसट वाटे. क्लेमेंटीतल्या माझ्या घरून मी दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला जातो, आणि तीन महिने मी तोच फॉर्म त्याच फ्रीजवर त्याच चुंबकाखाली पाहिला. मी एकदा डिवचलंच, "भाऊसाहेब, साधी गोष्ट टिकते, पण फॉर्म नाही टिकत." ते हसले नाहीत. ताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "त्यांना काही बोलू नका हो." ताई त्यांची बाजू घेताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि मला माझी लाज वाटली.

शेवटी कोंडी सईनंच फोडली. तिनं हट्ट धरला असता तर भाऊसाहेबांनी आणखी तीन महिने काढले असते. ती जेवताना आमटीत भात कालवत सहज म्हणाली, "बाबा, इट्स ओके. मी शाळेसाठीच शूट करीन. आजोबांचं आहे ना ते." भाऊसाहेब पानावरून उठले, हात धुतले, फ्रीजवरचा फॉर्म काढला आणि आमच्यासमोर बसून भरला. चष्म्याशिवाय भरला, त्यामुळे दोन ठिकाणी खाडाखोड झाली आणि ताईंना नवा छापून आणावा लागला.

मंजुरीचं पत्र आलं त्या दिवाळीत मीही सुट्टीवर पुण्याला होतो, म्हणून भाऊसाहेब रिव्हॉल्व्हर देऊन टाकायला निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर सांगलीला गेलो. दुकानदार म्हातारा, धोतर नेसणारा. दर सुट्टीत भाऊसाहेब यायचे, तो तिजोरीतून कापडात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर काढून द्यायचा, भाऊसाहेब काउंटरवर बसून नळीत तेलाचा बोळा फिरवायचे, चक्री पुसायचे आणि परत गुंडाळून द्यायचे. पंधरा वर्षांची ही दोघांची रीत. त्या दिवशीही त्यांनी सगळं तसंच केलं, जरा जास्त वेळ लावून. दुकानदार रजिस्टर लिहीत होता. त्यानं सहज विचारलं, "किती झाडल्या असतील हो यातनं?" भाऊसाहेब म्हणाले, "वडिलांनी दोन. कारखान्याच्या मागच्या माळावर."

"आणि तुम्ही?"

"एकही नाही," भाऊसाहेब म्हणाले. त्यांनी कापडाची गाठ मारली, ती नीट बसली नाही म्हणून सोडून पुन्हा मारली, आणि पुडकं काउंटरवरून पलीकडे सरकवलं. चाप ओढताना हाताला काय वाटतं यावर या माणसानं मला पंधरा वर्षं व्याख्यानं दिली होती.

परत आल्यावर त्यांनी ग्रुप सोडला. कुणी काढलं नाही, स्वतःच सोडला. "आता परवाना नाही, तेव्हा तिथं बसणं बरं नव्हे," एवढंच म्हणाले. जानेवारीत नागरिकत्वाची शपथ झाली, आणि पुढच्या महिन्यात सईच्या क्लबानं पालकांसाठी एक सकाळ ठेवली. आईबापांनी मुलांचा सराव बघायचा आणि हवं तर कोचच्या देखरेखीखाली पाच छर्रे मारायचे. ताईंनी साफ नकार दिला, म्हणून मी गेलो. भाऊसाहेबांची पाळी आली तेव्हा त्यांनी पिस्तूल घेतलं आणि कोपर सवयीप्रमाणे वीतभर बाहेर काढून असं धरलं की कोचनं सईला खुणावलं. ती मागून आली. बापाचे पाय तिनं आपल्या पायानं सरकवून जागेवर आणले, खांदा खाली दाबला, कोपराखाली हात धरला. मराठीतच म्हणाली, "बाबा, घाई नको. श्वास सोडा. अर्धा सोडा. आता थांबा." पाचातले तीन छर्रे कागदाला लागलेच नाहीत. एक कडेला लागला. एक बऱ्यापैकी आत. सई म्हणाली, "नॉट बॅड लाह." आणि आपल्या सरावाला निघून गेली.

बसमध्ये भाऊसाहेब खिडकीशी बसले. तो कागद त्यांनी घडी न घालता मांडीवर धरला होता. मग म्हणाले, "साडूभाऊ, वडिलांनी मला ते कधी हातात दिलं नाही हो. म्हणायचे, मोठा झालास की शिकवीन. मी चाळिशीत आलो, ते गेले, आणि तेराव्यानंतर ते माझ्या नावावर झालं. मग कुणाला विचारणार, कसं धरायचं म्हणून?"

मला या माणसाची चेष्टा करायची इतकी सवय आहे की उत्तर ओठांवर तयार असतं. त्या दिवशी मी नुसता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी कागदावरच्या आतल्या भोकावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा तिनं हात धरला होता तेव्हाचा." आमचा स्टॉप आला होता, पण ते उठले नाहीत, म्हणून मीही उठलो नाही.