जिन्यातला माझा फोटो

पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघत होते, तेव्हाची गोष्ट. सदाशिव पेठेतल्या आमच्या क्लासात कुणाला नोकरी लागली की सर पेढे वाटायचे, टाळ्या व्हायच्या आणि त्याचा फोटो मोठा करून जिन्यात लागायचा. माझाही लागला. वडिलांनी विश्रांतवाडीच्या विहारात भेटेल त्याला सांगितलं, "पोरीचा फोटो लागलाय, जाऊन बघा."

काही महिन्यांतच नोकरी गेली. कंपनीत दुसऱ्यानं लिहिलेल्या प्रोग्राममधली चूक शोधायची होती. क्लासात आम्ही फळ्यावरचे बरोबर प्रोग्राम उतरवून घ्यायचो. चुकलेला प्रोग्राम मी कधी पाहिलाच नव्हता. लाजेनं घराबाहेर पडवेना. मग वाटलं, निदान पुढच्या बॅचचं तरी असं होऊ नये. म्हणून क्लासात गेले.

शिकवणाऱ्या मॅडमनी मला खिडकीपाशी नेलं. "अगं, तू काही पहिली नाहीस. पण आमच्या मीटिंगमध्ये पेढे किती वेळा वाटले एवढंच विचारतात. नोकरी जाऊन परत कोण आलं, ते विचारायची इथं पद्धत नाही."

सरांनी ऐकून घेतलं, चहासुद्धा मागवला. मग म्हणाले, "नोकरी लावणं आमचं काम. टिकवणं तुमचं. आणि वाईट बातमी असली तर ती चपलांबरोबर बाहेर ठेवून यावी."

"मग माझा फोटो काढा."

"का? नोकरी लागली होती ना? खोटं काय आहे त्यात?"

खोटं काहीच नव्हतं. त्याचाच मला जास्त संताप आला.

जिना उतरत होते, तर एक बाई मुलीला घेऊन वर येत होत्या. फोटोपाशी थांबल्या. फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "अगंबाई, या तुम्हीच ना?"

"हो. पण काकू, माझी नोकरी गेली. चुका कशा शोधायच्या ते इथं शिकवत नाहीत. आधी ते विचारा, मगच हिचं नाव घाला."

काकू हसल्या. "अहो, तुम्हाला काय, दुसरी मिळेल. उगाच का फोटो लावलाय?" आणि मुलीला म्हणाल्या, "चल गं."

मुलगी मात्र वळून वळून माझ्याकडे बघत वर गेली. आपल्याकडे भिंतीवर फोटो लागलेल्या माणसाचं बोलणं संपलं, असंच धरून चालतात. माझ्या फोटोला हार तेवढा घालायचा राहिला होता.

पुढे मला दुसरी नोकरी लागली, तीही चुका शोधण्याचीच. तरी तो जिना स्वप्नात येतो. मी जीव तोडून बोलत असते आणि वर चढणाऱ्या कुणालाच ऐकू जात नाही.

काही वर्षांनी त्या बाजूला गेले आणि न राहवून जिना चढले. माझा फोटो तिथंच होता, पिवळा पडलेला. शेजारी ती मुलगी, चापूनचोपून वेणी घातलेली, हसत होती. तिचं पुढे काय झालं, ते विचारायला मी दारापर्यंत गेले. आत टाळ्या वाजत होत्या. चपला काढता काढता मी थांबले. तिची नोकरी टिकली का, हे आत कुणालाच माहीत नसणार होतं.