बाबांची बिडी एका काडीत कशी पेटायची

चंद्रपूरला मावशीकडे राहून मी सहा महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स केला. पुढे तो क्लास बंद पडला, तेव्हा तिथलंच एक जुनं मशीन मी घरी आणलं. मॉनिटर मांडीवर, सीपीयूचा डबा पायाशी, आणि चामोर्शीपर्यंत एसटीचा प्रत्येक खड्डा मोजत. त्या वेळी आमच्या गावात फोनही दोनच होते, त्यामुळे मी उतरले ती मोठी विदुषी होऊनच.

पहिलं काम घरातूनच आलं. बाबा गावच्या तलावात मासे धरायचे. तलावाचा ठेका मच्छीमार संस्थेकडे होता, त्याची मुदत संपत आली होती, आणि नवा अर्ज सभासदांच्या यादीसकट सोमवारी गडचिरोलीच्या ऑफिसात द्यायचा होता. यादीत ज्याचं नाव, त्याचंच जाळं पुढची पाच वर्षं पाण्यात पडणार. संस्थेचे सेक्रेटरी नेहमीसारखी हातानं यादी लिहायला बसलेच होते. मीच आगाऊपणा केला. म्हटलं, "काका, आता हातानं कोण लिहितं? मी टाइप करून देते." त्या संध्याकाळी बाबांनी चहा दोनदा मागितला. खूश असले की ते तसंच करायचे.

आणि मशीननं माझी लाज काढायची ठरवली. अर्धा तास गुणी बाळासारखं चालायचं, मग एकदम पडदा काळा, आणि आपणच पुन्हा सुरू. तोवर टाइप केलेली, सेव्ह न केलेली नावं गेलेली असायची. मी चिडून उठायची, मागे जाऊन सगळ्या वायरी दाबून बघायची, परत टाइप करायला बसायची. पुन्हा अर्धा तास ठीक.

चूक शोधायची झाली की मी आधी लांब बघते, हा माझा जुना गुण. मी लाइटला शिव्या दिल्या, पण डोक्यावरचा बल्ब तर शांत जळत होता. मग फ्लॉपीतून व्हायरस आला असं जाहीर केलं. आईनं व्हायरस म्हणजे काय ते विचारलं आणि दारात चप्पल काढायला लावायला सुरुवात केली. चामोर्शीचा मेकॅनिक आला, त्यानं अर्थिंग नाही म्हणून सांगितलं. बाबांनी लगेच अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा भरला, आणि रोज त्यात बादलीभर पाणी ओतू लागले. श्रावण होता, बाहेर धो धो पाऊस, आणि बाबा छत्री धरून खड्ड्याला पाणी घालताहेत.

"बाबा, पाऊस पडून राह्यला नं!"

"त्यानं बादलीभर सांगतलं होतं," बाबा म्हणाले. "पावसाचा का भरोसा?"

मेकॅनिक तीनदा आला. तिन्ही वेळा मशीन दोन-दोन तास न कुरकुरता चाललं. तो पोहे खाऊन, "ताई, तुमाले भास होऊन राह्यला," म्हणून निघून गेला. तो फाटकाबाहेर पडला की तासाभरात पडदा काळा. मला खरंच रडू यायचं. रविवार उजाडला तरी यादी अर्धीच होती, आणि सेक्रेटरी काका रोज दारावरून जाताना मुद्दाम हळू चालायचे.

रविवारी सकाळी बाबांचे तलावावरचे एक जोडीदार यादीचं काय झालं ते बघायला आले. दोघं ओसरीवर बसले. पाहुण्यानं बिडी पेटवायला चार काड्या वाया घालवल्या, पाचवी बाबांच्या बिडीला लावली आणि ती लगेच पेटली.

"मले एक सांग," ते म्हणाले, "आमच्या बिड्या सादळून चोथा झाल्या. तुयी काऊन एका काडीत पेटते?"

बाबा मिशीतल्या मिशीत हसले. "पोरीच्या मशीनची किरपा हाये."

मी आतून ऐकत होते. उठून मशीनच्या मागे गेले. तिथे बाबांचा खांद्यावर टाकायचा दुपट्टा होता. तलावावरून आले की ओला दुपट्टा ते मशीनच्या पंख्याच्या जाळीवर पसरायचे आणि तो सुकला की त्यातच बिड्यांचं बंडल गुंडाळून ठेवायचे. गरम हवा येते, फुकट कशाला घालवायची? ती हवा आतच कोंडायची, मशीन तापायचं आणि बंद पडायचं. मला तो दिसत नव्हता असं नाही. आमच्या घरी दुपट्टा नाही अशी खुंटी नव्हती की खुर्ची नव्हती. वायरी बघताना मीच तो रोज उचलून खाटेवर टाकायची, आणि आई तो खाटेवरून उचलून परत जागेवर घालायची.

"मंग मेकॅनिक आला का काऊन नाई बिघडे?" मी आईला विचारलं.

"पाहुन्यासमोर ओले दुपट्टे दाखवाचे का?" आई म्हणाली. "मी काढून ठेवो."

मी हसत सुटले. बाबा मात्र हसले नाहीत. दुपट्टा हातात घेऊन ते खड्ड्याकडे बघत राहिले, आणि मग गुपचूप खांद्यावर टाकून ओसरीच्या टोकाला जाऊन बसले.

दुपारपर्यंत यादी झाली, मशीन एकदाही बंद पडलं नाही. सगळे सभासद ओसरीवर जमले. मी एकेक नाव वाचलं, आणि मोठी माणसं शाळेतल्यासारखी "हाये, हाये" म्हणत गेली. सेक्रेटरी काकांनीही मान डोलावली. मी फ्लॉपी काढून डबीत घातली. चामोर्शीला जाऊन प्रिंट काढायची, की झालं.

तेवढ्यात आई चुलीपासून बाबांकडे बोट करत ओरडली, "आनं यायचं नाव कुठी हाये?"

मी डोळ्यांनी सबंध यादी चाळली. नव्हतं. एकदा बाबांचं नाव टाइप करतानाच मशीन बंद पडलं होतं, आणि ते झालं समजून मी पुढच्या नावापासून सुरुवात केली होती. इतकी नावं वाचली, आणि घरचंच नाव राहिलं हे माझ्या कानाला कळलं नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

"बाबा, तुम्ही काऊन नाई सांगतलं?"

बाबांनी दुपट्ट्याचं टोक बोटांत घेतलं. "सारा तरास माया दुपट्ट्यापायीच झाला तुले. आता एका नावासाठी पुन्हा मशीन काऊन तापवाची? तुई यादी झाली नं, बस."

पाच वर्षं तलावाच्या काठावर नुसतं बसायची तयारी केली होती त्यांनी. माझी यादी झाली होती म्हणून.

मी मशीन पुन्हा सुरू केलं. बाबा मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले, दुपट्टा पोटाशी घट्ट धरून, आणि कुणालाही जवळ येऊ देईनात. एकच ओळ होती. मी ती तीनदा सेव्ह केली.