दार कोणीकडं ठेवावं?

लग्न होऊन मी ताडकळसजवळच्या शेतातल्या घरी आले आणि पहिल्याच आठवड्यात पाहुण्यांचा चहा घेऊन थेट म्हशींसमोर जाऊन उभी राहिले...

"अगं, तिकडं कुठं जायलीस? बैठक इकडं हाय!" सासूबाई मागून ओरडल्या.

साल सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी असेल. त्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, मूळची एकच माळवदाची, मातीच्या सपाट छताची खोली. पुढे कापूस बरा झाला की मामंजी, म्हणजे माझे सासरे, एखादी खोली वाढवायचे. आधी पत्र्याची, मग तिला चिकटून स्वयंपाकघर... गोठ्याला भिंती घालून आमची खोली केली, म्हशी मागे सरकल्या. गव्हाणीत माझ्या साड्या!

बाहेरचं जुनं दार आता घराच्या मधोमध आलं होतं. स्वयंपाकघराची खिडकी उघडली की समोर आमचा पलंग. वर्ष झालं तरी मी चुकायचे.

मग मला दिवस गेले आणि आणखी एक खोली निघाली. पाया भरून झाला, गवंडी खोळंबला. मामंजी माझ्याशी कधी थेट बोलत नसत. त्या दिवशी ते चुलीपर्यंत आले आणि खाली बघत म्हणाले, "सूनबाई, दार कोणीकडं ठेवावं?"

मी मागे वळून पाहिलं. कुणीच नव्हतं... माझं काही चुकलं का? परीक्षा घेताहेत का?

"तुमी म्हणाल तसं," मी कशीबशी बोलले.

"आमी म्हणत आलो म्हणून तर ह्ये असं झालंय. राहायचं तुला हाय. तू सांग."

मी विहिरीकडे हात केला. का, ते आजही सांगता येणार नाही. तिकडे मोकळं दिसलं, एवढंच. दार तिकडेच झालं.

चौकट बसल्यावर सासूबाई तिच्यातून विहिरीपर्यंत जाऊन आल्या. मग म्हणाल्या, "मला कुणी इचारलं न्हवतं गं कधी."

राग होता की कौतुक... मला काही कळेना.

पुढच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराची भिंत पाडून नवी बांधायला घेतली. गवंडी मलाच विचारायला आला. मी म्हणाले, "मला नका विचारू. सासूबाईंना विचारा."

त्यांनी पिठाचे हात पुसले, भिंतीपाशी गेल्या. "हितं खिडकी ठेवा. रस्ता दिसला पाह्यजे. लय मोठी ठेवा."

इतकी वर्षं तिथे भाकरी थापणाऱ्या बाईला काय हवं होतं, ते घराला तेव्हा कळलं. मामंजींना मला विचारायचं त्याच दिवशी कसं सुचलं, हे कोडं अजून सुटलेलं नाही... पण विचारलं, त्याचे उपकार आहेत.